डर्बीपूर्वीचा घरगुती वाद: आजोबांचे १९९७ खरे की नातवाचे दहापैकी नऊ?

गलाईकर_विटा यांनी विचारले:

सर्वांना नमस्कार. कोलकात्याचे दोन फुटबॉल संघ ईस्ट बंगाल आणि मोहन बागान यांची पुढची लढत, म्हणजेच डर्बी, जवळ येत चालली आहे आणि तिच्यावरून आमच्या विट्यातील घरात आत्ताच दोन तट पडले आहेत. खानापूर-आटपाडी भागातील मंडळींना हे नव्याने सांगायला नको, परंतु इतरांसाठी थोडी पार्श्वभूमी देतो. आमच्याकडील अनेक घरांतील पुरुष सोने-चांदी गलाईच्या, म्हणजे ती वितळवून शुद्ध करण्याच्या, व्यवसायासाठी पिढ्यान्‌पिढ्या परमुलखात जात आले आहेत. माझे वडील १९७४ साली, वयाच्या सतराव्या वर्षी, चुलत्यांच्या मागोमाग कोलकात्याच्या बऊबाजारात गेले आणि २००२ पर्यंत तेथेच भट्टी, मूस आणि तेजाब यांच्या संगतीत राहिले.

त्या शहरात ‘तुम्ही कोणाचे?’ हा प्रश्न नव्या माणसाला पहिल्याच आठवड्यात विचारला जातो, असे वडील सांगतात. पूर्व बंगालमधून आलेल्या कुटुंबांना तेथे ‘बांगाल’ म्हणतात व ती ईस्ट बंगालची, आणि पश्चिम बंगालची मूळ रहिवासी असलेली ‘घोटी’ कुटुंबे मोहन बागानची, अशी ढोबळ वाटणी असते. खानापूर तालुक्यातील मुलगा या दोन्हींत बसत नव्हता. मात्र दुकानासमोर बसणारे एक वयस्कर कारागीर ढाक्याकडचे होते आणि दुपारी ते आपल्या डब्यातील भात-मासा वडिलांपुढे सरकवत. वडील माळकरी घरातले, त्यामुळे मासा परत जाई व भात तेवढा राहत असे. परंतु पक्ष ठरला तो कायमचा.

माझा मुलगा नववीत आहे. त्याने २०२० मध्ये टाळेबंदीच्या काळात मोबाइलवर फुटबॉल पाहण्यास सुरुवात केली आणि जो संघ जिंकताना दिसला तो त्याने आपला मानला, म्हणजे मोहन बागान. त्याने वहीत तक्ता केला आहे. २०२०-२१ ते २०२४-२५ या पाच हंगामांत इंडियन सुपर लीगमध्ये हे दोन संघ दहा वेळा समोरासमोर आले. त्यांपैकी नऊ सामने मोहन बागानने जिंकले आणि एक बरोबरीत सुटला. अशा परिस्थितीत ईस्ट बंगाल जिंकेल असे म्हणणे म्हणजे केवळ हट्ट आहे, असे त्याचे म्हणणे. वडिलांचे उत्तर एका शब्दाचे असते: ‘सत्त्याण्णव.’ त्या वर्षी मोहन बागानला कोणी हरवू शकणार नाही असे सारे शहर म्हणत होते, आणि त्याच संघाला ४-१ असे हरवून आम्ही फेडरेशन चषक घरी आणला, असे ते प्रत्येक वेळी सांगतात.

तर जाणकारांना माझा प्रश्न असा की, या दोन संघांच्या मागील लढतींवरून पुढच्या सामन्याचा काही अंदाज बांधता येतो का, आणि येत असेल तर कोणत्या लढती हिशेबात धराव्यात? दोघेही माझ्याकडे न्यायाधीश म्हणून पाहतात आणि मला यातले फारसे कळत नाही.

---

कृष्णाकाठ_सांगली यांचे उत्तर:

गलाईकर साहेब, निकाल देण्यापूर्वी साक्ष तपासावी लागते, म्हणून आधी आपल्या वडिलांच्या आठवणीत एक दुरुस्ती सुचवतो. त्यांनी राग मानू नये. १३ जुलै १९९७ चा तो सामना फेडरेशन चषकाचा उपांत्य सामना होता, अंतिम नव्हे. ईस्ट बंगालने तो ४-१ असा जिंकला हे खरे, परंतु अंतिम सामन्यात गोव्याच्या साळगावकर संघाने त्यांना २-१ असे हरवले आणि चषक गोव्याला गेला. उपांत्य सामन्याचा आवाजच इतका मोठा होता की अंतिम सामना लोकांच्या स्मरणातून गळून पडला, यात नवल नाही. कोलकात्यातील सॉल्ट लेकच्या मैदानावर त्या दिवशी १ लाख ३१ हजारांहून अधिक प्रेक्षक होते. भारतात एखाद्या फुटबॉल सामन्याला, किंबहुना कोणत्याही खेळाच्या सामन्याला, एवढी गर्दी जमल्याची दुसरी नोंद माझ्या पाहण्यात नाही.

तरीही वडिलांचा मूळ मुद्दा त्यामुळे कमकुवत होत नाही. मोहन बागानचे प्रशिक्षक अमल दत्त यांनी त्या हंगामात खेळाडूंची ‘डायमंड’ म्हणजे हिऱ्याच्या आकाराची मांडणी आणली होती आणि तिच्या जोरावर त्यांचा संघ गोलांचा पाऊस पाडत होता. उपांत्यपूर्व फेरीत चर्चिल ब्रदर्सला त्यांनी सहा गोलांनी हरवले होते. दत्त यांची जीभही तितकीच धारदार होती. ईस्ट बंगालच्या बायचुंग भुतियाला ‘चुंगचुंग’, ओमोलोला ‘ऑम्लेट’ आणि सोसोला ‘शोशा’, म्हणजे बंगालीत काकडी, अशी नावे त्यांनी सामन्यापूर्वी ठेवली. समोरच्या बाकावर ईस्ट बंगालचे प्रशिक्षक पी. के. बॅनर्जी होते, ज्यांची खेळाडूंचे मन तापवण्याबाबत ख्याती होती. त्यांना आयते सरपण मिळाले. नाझिमुल हकने पहिला गोल केला, मोहन बागानकडून चिमा ओकोरीने एक परत केला आणि उरलेले तीन गोल ज्याला ‘चुंगचुंग’ म्हटले गेले होते त्याने केले.

आता नातवाच्या तक्त्याकडे वळतो. तक्ता अचूक आहे, पण अपुरा आहे, कारण त्यात फक्त लीगचे सामने आहेत. त्याच काळात लीगबाहेर काय घडले ते पाहावे. १२ ऑगस्ट २०२३ रोजी ड्युरँड चषकाच्या गटसामन्यात नंदकुमार सेकरच्या गोलावर ईस्ट बंगालने १-० असा विजय मिळवला आणि सलग आठ पराभवांची मालिका थांबवली. जानेवारी २०२४ मध्ये सुपर कपमध्ये त्यांनी ३-१ असा विजय मिळवला व पुढे तो चषकही जिंकला. १७ ऑगस्ट २०२५ रोजी ड्युरँडच्या उपांत्यपूर्व सामन्यात डिमिट्रिओस डायमंटाकॉसच्या दोन गोलांमुळे ते २-१ असे पुढे गेले. म्हणजे लीगमध्ये हार आणि छोट्या स्पर्धेत अधूनमधून जीत, असा नमुना दिसतो.

याचे कारण मला तरी गूढ वाटत नाही. ड्युरँड चषक हंगामाच्या तोंडावर खेळवला जातो; त्या वेळी मोठ्या संघाचे परदेशी खेळाडू नुकतेच उतरलेले असतात आणि पाय अजून जड असतात. २०२४ च्या सुपर कपच्या वेळी मोहन बागानचे अनेक खेळाडू आशिया कपसाठी भारतीय संघासोबत होते. उलट लीगच्या मधोमध ज्याच्या बाकावर जास्त दर्जेदार खेळाडू बसलेले असतात त्याचे पारडे जड होते, आणि त्या वर्षांत तो बाक मोहन बागानचा होता. २०२४-२५ मध्ये लीग शिल्ड (गुणतक्त्यात पहिला येणाऱ्याचा) आणि लीग चषक (अखेरच्या बाद फेरीच्या विजेत्याचा) दोन्ही त्यांच्याकडे गेले ते उगीच नव्हे. म्हणून माझे मत असे की, पुढचा सामना कोणत्या स्पर्धेतला आहे आणि हंगामाच्या कोणत्या टप्प्यावर आहे, हे पाहिल्याशिवाय दोघांनीही बाजू घेऊ नये.

---

लेंगरे_ते_हावडा यांचे उत्तर:

दादा, तुमच्या वडिलांना माझा नमस्कार सांगा. मी मूळची लेंगऱ्याची. लग्नानंतर १९९१ ते २०१४ पर्यंत आम्हीही बऊबाजारातच होतो. यजमानांचे गलाईचेच दुकान होते, त्यामुळे काकांना आम्ही कदाचित ओळखतही असू. १९९७ च्या त्या रविवारी आमच्या माळ्यावर राहणारी चारही माणसे मैदानावर गेली आणि मी व माझी जाऊ लहान मुलांना घेऊन घरी राहिलो. मला त्या काळी खेळातील काही कळत नव्हते, परंतु गल्लीतील आवाजावरून कोण पुढे आहे ते ओळखायला शिकले होते. आमच्या गल्लीच्या एका टोकाला घोटी कुटुंबे होती आणि दुसऱ्या टोकाला बांगाल. संध्याकाळी एका टोकाला फटाके वाजू लागले आणि दुसऱ्या टोकाच्या खिडक्या भर पावसाळ्यातील उकाड्यातही बंद झाल्या, एवढ्यावरून निकाल समजला. यजमान रात्री साडेदहाला चालत परत आले, पायात एकच चप्पल होती आणि चेहरा असा की दुसऱ्या चपलेची चौकशी करण्याची गरज वाटली नाही.

कृष्णाकाठ यांनी जे लिहिले ते बरोबर असेल, परंतु मला एक वेगळी गोष्ट नमूद करावीशी वाटते. तेथील लोक मागील सामन्यांची आठवण अंदाज बांधण्यासाठी काढत नाहीत, तर समोरच्याला गप्प बसवण्यासाठी काढतात. आमच्या समोरच्या आजोबांच्या तोंडी १९७५ होते. त्या वर्षीच्या आयएफए शिल्ड या कोलकात्यातील जुन्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यात ईस्ट बंगालने मोहन बागानला ५-० असे हरवले. श्याम थापाने त्यांपैकी दोन गोल केले. हे ते आजोबा इतक्या वेळा सांगत की माझ्या धाकट्या मुलाला पाढ्यांच्या आधी ते पाच गोल पाठ झाले होते. त्यावर शेजारच्या घोटी वहिनी शांतपणे विचारत, ‘आणि अठ्ठ्याहत्तर?’ कारण तोच श्याम थापा पुढे मोहन बागानला गेला आणि १९७८ च्या डर्बीत त्याने पाठमोरे हवेत झेपावून मारलेला गोल ईस्ट बंगालच्या जाळ्यात गेला. आजोबा मग चहा मागवीत.

तुमच्या मुलाला २९ जानेवारी २०२२ चा सामना अवश्य दाखवा, जरी तो त्याच्याच बाजूचा असला तरी. गोव्यात फातोर्डा येथे ईस्ट बंगाल १-० ने पुढे होता. दुसऱ्या सत्रात मोहन बागानने कियान नसिरी नावाचा २१ वर्षांचा मुलगा बदली म्हणून उतरवला आणि त्याने तीन गोल करून सामना ३-१ असा फिरवला. त्याचे वडील जमशीद नसिरी हे इराणहून आलेले आणि ईस्ट बंगालच्या प्रेक्षकांनी डोक्यावर घेतलेले खेळाडू होते. वडिलांच्या संघावर मुलाने तीन गोल केलेले पाहून आमच्या यजमानांनी दूरचित्रवाणी बंद केली, पण दहा मिनिटांनी पुन्हा लावली आणि म्हणाले की, पोरगा बापासारखाच पळतो.

---

मिरज_जंक्शन यांचे उत्तर:

मी नातवाच्या बाजूने आहे आणि मला दोन्ही ज्येष्ठांचे म्हणणे थोडे भावनिक वाटते. १९९७ हा एक सामना आहे. दहा सामने म्हणजे दहा सामने. २५ ऑक्टोबर २००९ रोजी मोहन बागानने ५-३ असा विजय मिळवला आणि चिडी नावाच्या एकट्या खेळाडूने चार गोल केले, म्हणून पुढच्या प्रत्येक डर्बीत आम्ही पाच गोल करू असे आम्हीही म्हणत बसत नाही. शिवाय लीगबाहेरील निकाल धरायचेच असतील तर सगळे धरावेत. ३ सप्टेंबर २०२३ रोजी ड्युरँडच्या अंतिम सामन्यात अनिरुद्ध थापाला लाल कार्ड मिळाल्यानंतर दहा खेळाडूंनिशी मोहन बागान जिंकले. गोल दिमित्री पेट्राटोसचा होता. कृष्णाकाठ यांनी त्याच स्पर्धेतील गटसामना सांगितला आणि अंतिम सामना वगळला. १८ ऑक्टोबर २०२५ चा आयएफए शिल्डचा अंतिम सामनाही १-१ बरोबरीनंतर पेनल्टीवर मोहन बागाननेच जिंकला.

आणखी एक. कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर तालमींच्या संघांचे फुटबॉल सामने मी लहानपणापासून पाहत आलो आहे. तेथेही सामन्यापूर्वी आठवडाभर जुन्या निकालांवर हमरीतुमरी चालते, परंतु मैदानात उतरणाऱ्या पोरांपैकी निम्म्यांचा त्या निकालाच्या वेळी जन्मही झालेला नसतो. चेंडूला इतिहास माहीत नसतो हे मान्य. मग तो आजोबांचाही माहीत नसतो, एवढेच माझे म्हणणे आहे.

---

कृष्णाकाठ_सांगली यांचे उत्तर:

अंतिम सामना वगळला हा आक्षेप मला मान्य आहे. माझ्या सोयीचे तेवढे मी मांडले. मात्र त्यामुळे लीग आणि लीगबाहेरच्या स्पर्धा यांतील फरक पुसला जात नाही. लीगमध्ये दहापैकी शून्य विजय आणि बाहेर मात्र कधी या बाजूला तर कधी त्या बाजूला, एवढे तरी आपणही मान्य कराल. ३१ ऑक्टोबर २०२५ च्या सुपर कपमध्ये तर ०-० झाले आणि तेवढ्यावर ईस्ट बंगाल गोलफरकाने पुढे गेले. पुढच्या सामन्यासाठी मी माझ्यापुरते असे ठरवले आहे की, पहिल्या पंधरा मिनिटांत गोल झाला तर नातवाचा तक्ता चालेल आणि तासभर कोंडी राहिली तर आजोबांचा काळ सुरू होईल. ११ जानेवारी २०२५ चा लीग सामना आठवावा: गंगासागर मेळ्याच्या बंदोबस्तामुळे तो गुवाहाटीला हलवला होता, दुसऱ्याच मिनिटाला जेमी मॅक्लरेनने गोल केला आणि उरलेला सारा वेळ ईस्ट बंगाल त्या एका गोलामागे धावत राहिले. १९७६ च्या कलकत्ता लीगमध्ये तर मोहन बागानच्या अकबरने १७ व्या सेकंदाला गोल केला होता आणि सामना १-० असाच संपला. लवकर बसलेला गोल या लढतीत फार महाग पडतो, कारण गर्दीचा दबाव मागे पडलेल्या संघाला विचार करू देत नाही.

---

शिराळा_नाथ यांचे उत्तर:

मी वयाने आपणा सर्वांहून मोठा असेन. १९८० साली मी बदलीच्या नोकरीनिमित्त कोलकात्यात होतो. मुलाला डर्बीचा इतिहास सांगत आहात तर १६ ऑगस्ट १९८० ही तारीखही सांगावी, कारण ती कोणत्याच तक्त्यात येत नाही. ईडन गार्डन्सवर याच दोन संघांचा लीग सामना होता. मैदानावर दोन्ही बाजूंच्या एकेका खेळाडूला बाहेर काढले गेले, त्या पाठोपाठ प्रेक्षागारात मारामारी पेटली आणि पळापळीत चेंगरून १६ प्रेक्षक मृत्युमुखी पडले. त्या काळी दोन्ही बाजूंचे लोक एकाच भागात मिसळून बसत असत व बाहेर पडण्याच्या वाटा अरुंद होत्या. मी त्या दिवशी तिकीट न मिळाल्याने गेलो नव्हतो. माझ्या खोलीतील सहकारी गेला होता आणि तो रात्री दोनला परतला तेव्हा बराच वेळ पायऱ्यांवर बसून राहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी गल्लीत कोणीही कोणाला निकाल विचारला नाही. आजही दरवर्षी १६ ऑगस्टला तेथे त्यांच्या स्मरणार्थ रक्तदान होते व त्यात दोन्ही संघांचे समर्थक येतात.

सॉल्ट लेकला आता खुर्च्या बसवल्यामुळे प्रेक्षकसंख्या सत्तर हजारांच्या आत आली आहे आणि दोन्ही बाजूंची दारे वेगळी आहेत. आपण वडिलांना घेऊन प्रत्यक्ष जाण्याचा विचार करत असाल तर पुण्याहून आझाद हिंद एक्स्प्रेसचे आरक्षण आधी पाहावे आणि ईस्ट बंगालच्या बाजूचेच तिकीट घ्यावे. नातवाला मात्र त्या बाजूला मोहन बागानचा हिरवा-मरून सदरा घालून बसवू नये.

---

गलाईकर_विटा यांचे उत्तर:

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिले त्याबद्दल आभारी आहे. सर्व उत्तरे मी काल रात्री जेवणानंतर मोठ्याने वाचून दाखवली. साळगावकरचे नाव ऐकल्यावर वडील थोडा वेळ काही बोलले नाहीत. नंतर म्हणाले की, अंतिम सामन्याच्या दिवशी दुकानात मोठ्या कामाची भट्टी लागली होती, त्यामुळे तो त्यांनी ऐकलाच नव्हता. हे स्पष्टीकरण मुलाने वहीत ‘अमान्य’ असा शेरा मारून नोंदवले आहे. लेंगऱ्याच्या ताईंच्या यजमानांची एक चप्पल मात्र वडिलांना आठवते, किंवा आठवते असे ते म्हणतात.

प्रत्यक्ष जाण्याचे सध्या रद्द केले आहे, कारण वडिलांच्या गुडघ्याला दीड दिवसाचा रेल्वेप्रवास झेपणार नाही. सामना घरीच पाहू. कृष्णाकाठ यांचा पंधरा मिनिटांचा नियम दोघांनाही मान्य झाला आहे. शिराळ्याच्या काकांनी सांगितलेली तारीख मुलाने तक्त्याच्या खाली वेगळी लिहिली आणि तिच्यापुढे निकालाचा रकाना रिकामा ठेवला.

कोलकात्यात ईस्ट बंगाल जिंकले की इलिश मासा आणि मोहन बागान जिंकले की कोळंबी आणतात. आमचे घर अजून माळकरी असल्यामुळे पैज वेगळी लावली आहे: ईस्ट बंगाल जिंकल्यास नातवाने साताऱ्याचे कंदी पेढे आणायचे आणि मोहन बागान जिंकल्यास आजोबांनी सांगलीचे भडंग. भडंगाचा रंग पिवळा आणि त्यावर तिखट लाल, म्हणजे थेट ईस्ट बंगालचाच रंग, तेव्हा विजयाच्या दिवशी ते आपण खाणार नाही, असा आक्षेप नातवाने आज सकाळी घेतला आहे आणि त्यावर अद्याप तोडगा निघालेला नाही.